आवाज कुणाचा, हेच मेंदूला कळेना तेव्हा...

कुकरची शिट्टी होते आणि पलीकडच्या खोलीतून धाकट्या दिराचं बोलणं ऐकू येतं. खोलीत दुसरं कुणीच नाही! परवापरवापर्यंत मित्रांबरोबर रंकाळ्यावर भेळ खायला जाणारा हा मुलगा आता अंघोळ टाळतो, ताट तसंच सोडतो, 'शेजारी माझ्याबद्दलच बोलतात' म्हणून खिडक्या लावून बसतो. सासूबाई म्हणतात, "कायतरी बाहेरचं झालंय बघ." शेजारीण सांगते, "लगीन करून टाका, येतंय ताळ्यावर."

अशा वेळी तुम्ही काय कराल?

भगिनींनो, हा स्किझोफ्रेनिया असू शकतो, मराठीत छिन्नमनस्कता. जगात साधारण ३०० माणसांत एकाला तो असतो आणि बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. एके काळी परदेशातल्या काही डॉक्टरांनी यासाठी आईलाच दोषी धरलं होतं. ते चूक ठरलं. दोष आईचा नाही, करणीचाही नाही.

मग बिघडतं काय? स्वतःच्या तळपायाला स्वतःच गुदगुल्या करून पाहा. होत नाहीत ना? कारण हात हलवतानाच मेंदू स्वतःला निरोप देऊन ठेवतो, 'हे आपलंच काम, दचकू नको.' आपण मनातल्या मनात बोलतो, 'आज भाजी काय करावी?', तेव्हाही असाच निरोप जात असावा, असं संशोधक मानतात. या आजारात तो नीट पोचत नाही. मग आपलंच मनातलं बोलणं परक्याचा आवाज होऊन कानी येतं. शिवाय मेंदूच्या काही भागांत डोपामीन नावाचं रसायन वाजवीपेक्षा जास्त होतं आणि शेजारणीच्या साध्या हसण्यालाही भलताच अर्थ चिकटतो. १९५२ सालापासून वापरात आलेली औषधं मुख्यतः या डोपामीनचाच जोर कमी करतात.

म्हणून 'कुठं आहे आवाज? नाटकं करतोस!' असं म्हणू नका. त्याला तो खरंच ऐकू येतो. 'मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय,' एवढं म्हणा. घरात सतत टोचून बोलणं झालं तर आजार उलटण्याची भीती वाढते. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. आणि आजार लपवून लग्न? दुसऱ्याच्या लेकीचा संसार म्हणजे औषध नव्हे.

कॅनडात राहणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजारपणात हे सारं सोसलं. पण लपवून न ठेवता त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. २००४ साली आलेला 'देवराई' हा चित्रपटही याच आजारावरचा. त्यातल्या भावाला सांभाळते ती त्याची विवाहित बहीण.

कोल्हापुरात सी.पी.आर. रुग्णालय आहे. जाण्याआधी विचारायचं असेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत. सासूबाईंना नारळ उतरवायचा असेल तर उतरवू द्या, त्यांचं मन मोडू नका. पण त्याच दिवशी केसपेपरही काढा!