आधी खूर, मग गुडघा, शेवटी पाठ

शिंगरू जन्मल्यावर तासाभरात उभे राहते. आणखी तासाभरात कासेला लागते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आईच्या मागे दौडू लागते. शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या शिंगराचे वजन तेव्हा ५० किलोच्या आसपास असते. पूर्ण वाढलेला घोडा ५०० किलोचा धरला, तर हा झाला एक दशांश. उंचीचा हिशेब मात्र वेगळाच आहे. घोड्याची उंची खांद्यापाशी मोजतात. मोठ्या घोड्याची ती १६० सेंटिमीटरच्या घरात असते, नवजात शिंगराची १०० सेंटिमीटर. वजन १० टक्के आणि उंची ६० टक्क्यांच्या वर! हेच प्रमाण माणसाला लावले तर बाळ जन्मतः मीटरभर उंच, म्हणजे चार वर्षांच्या मुलाएवढे असेल आणि वजनाला जेमतेम साडेसहा किलो भरेल.

ही उंची सगळी पायांची. उघड्या गवताळ मैदानावर कळप कोणासाठी थांबत नाही आणि लांडगाही थांबत नाही. म्हणून पळण्याचे साधन आईच्या पोटातच तयार होते. धड, मान, छाती हे सगळे नंतर. पाय इतके लांब आणि मान इतकी आखूड की जमिनीवरच्या गवताला तोंड लावायचे तर शिंगराला पुढचे पाय फाकवावे लागतात.

पोटातले दिवस साधारण ३४०. त्या काळात सरासरी वाढ दिवसाला १५० ग्रॅम. बाहेर आल्यावर पहिल्या महिन्यात तीच दिवसाला दीड किलो, म्हणजे दहापट. तासाला ६० ग्रॅम, झोपेतले तासही धरून! हे सगळे दुधावर. ५०० किलोची घोडी दिवसाला १५ लिटरच्या आसपास दूध देते. पण तिची कास लहान, एका वेळी फार दूध साठत नाही. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत शिंगरू तासातून अनेकदा कासेशी जाते. साधारण महिन्याभरात वजन दुप्पट होते. दर महिन्याला दुप्पट हा वेग वर्षभर टिकला असता, तर पहिल्या वाढदिवशी त्याचे वजन २०५ टन, म्हणजे पाच टनी ४१ हत्तींएवढे भरले असते.

तसे होत नाही, कारण वेग लगेच उतरू लागतो. सहाव्या महिन्यात वजन २३० किलोच्या आसपास, वर्षाचे होताना ३३० च्या. उंची सहाव्या महिन्यात १३४ सेंटिमीटरपर्यंत आणि वर्षाअखेर १४५ च्या पुढेमागे. एकूण ६० सेंटिमीटर वाढायचे होते, त्यातले ४५ पहिल्याच वर्षात झाले. उरलेल्या १५ सेंटिमीटरला आणखी तीन-चार वर्षे लागतात.

या वर्षांत त्याचे रूप सतत पालटते. कधी पुठ्ठा वर आणि खांदा खाली, उतारावर उभे असल्यासारखे. काही महिन्यांनी खांदा पुठ्ठ्याला गाठतो, मग पुठ्ठा पुन्हा पुढे जातो. उंची बरीचशी भरली की छाती रुंदावते, बरगड्या गोल होतात, मान भरते.

वरून गोंधळ वाटला तरी आतला क्रम पक्का असतो. हाडाच्या टोकाशी कूर्चेची पातळ चकती असते. तिथेच हाड लांब होते आणि ती चकती हाडात मिसळली की त्या टोकाची वाढ संपते. खुराच्या आतले हाड जन्मतःच या कामातून मोकळे झालेले असते. पुढच्या पायाच्या गुडघ्याखालचे लांब हाड पहिल्या काही महिन्यांतच बहुतेक लांबी गाठते आणि वर्षाच्या आत त्याची चकती मिटते. गुडघ्याच्या वरची चकती मिटायला दोन ते अडीच वर्षे लागतात. सर्वांत शेवटी पाठीचा कणा. मानेचे ७, छातीचे १८ आणि कमरेचे ६, असे ३१ मणके. बहुतेकांच्या दोन्ही टोकांना चकत्या, म्हणजे एकंदर साठच्या आसपास. त्यांतल्या शेवटच्या मिटायला पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. एकाच घोड्यात खूर प्रौढ, गुडघा तरुण आणि पाठ पोर, अशी निरनिराळी वये नांदत असतात.

आता भरधाव दौडीचा हिशेब पाहा. पुढचा एक पाय टेकतो तेव्हा त्याच्यावर शरीराच्या सुमारे अडीचपट भार येतो, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याच्या एका बारीक पायावर १,२५० किलो. एक झेप साडेसहा मीटरची धरली तर २,४०० मीटरच्या शर्यतीत हे साधारण ३७० वेळा घडते, तेही अडीच मिनिटांत. इंग्लंडची एप्सम डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची. मुंबईत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची. इंग्लंड आणि भारतातल्या शर्यतींत वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे एप्रिलमध्ये जन्मलेला घोडा फेब्रुवारीतल्या डर्बीला खरे तर चार वर्षांचाही झालेला नसतो. पाय तयार, पाठ अजून बाकी. याचा अर्थ तरुण घोडा बांधून ठेवावा असा नव्हे. बेताची दौड मिळाली की हाड भाराला उत्तर देत जाड आणि घट्ट होते. प्रश्न भार किती आणि केव्हा, एवढाच आहे.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. जाणता गिऱ्हाईक नुसत्या उंचीवर जात नाही, घोड्याचे तोंड उघडून पाहतो. दुधाचे दात २४. पुढच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, शेजारची साडेतीनच्या आणि कडेची साडेचारच्या सुमारास. पाचव्या वर्षी तोंड पुरे होते, आणि कण्याच्या चकत्याही त्याच सुमारास मिटत आलेल्या असतात. उंची दोन वर्षांतच घोडा झाला असे सांगून फसवते. पाठीवर खोगीर कितपत जड चालेल, हे विचारायचे तर दातांनाच विचारावे.