माडावरचा पाडेली? छे!

तो फोटो तुम्हीही पाहिला असेल: कचऱ्याच्या पिंपाला बिलगलेला भलामोठा खेकडा. फोटो खरा आहे. खोटी असते ती त्याखालची ओळ: ‘हा खेकडा माडावर चढतो, नांगीने नारळ तोडून खाली टाकतो आणि उतरून खातो.’ ही ओळ मला सतत कोणी ना कोणी पाठवत असते. कोकणातले एक स्नेही तर विचारतात, ‘पाडेली मिळत नाही हो, एक खेकडा पाळू का?’

नारळखेकडा, शास्त्रीय नाव बिर्गस लॅट्रो, हा जमिनीवर राहणारा जगातला सर्वांत मोठा संधिपाद प्राणी. वजन 4 किलोपर्यंत, पाय पसरले तर जवळपास मीटरभर. हिंदी आणि प्रशांत महासागरांतली बेटे हे त्याचे घर; आपल्याकडे तो निकोबारात आहे.

तो झाडावर चढतो, हे कबूल. पण नारळ पाडण्यासाठी चढतो, याला खात्रीचा पुरावा नाही. डार्विन 1836 मध्ये कीलिंग बेटांवर उतरला, तेव्हाही ही कथा प्रचारात होती. ‘बीगल’च्या प्रवासवर्णनात त्याने तिच्याविषयी स्पष्ट शंका नोंदवली आहे. तिथे राहणाऱ्या लीस्क यांनी तर त्याला सांगितले, की इथला खेकडा फक्त खाली पडलेले नारळ खातो. तेव्हापासून तीच कथा, नवा फोटो!

नारळ सोलण्याची हकिगतही लीस्क यांचीच. सोडण धागा-धागा ओढून काढायचे, तेही नेहमी तीन डोळ्यांच्या बाजूने. मग एका डोळ्यावर जड नांग्या आपटत राहायचे, भोक पडेपर्यंत. मग उलटे वळून मागच्या बारीक चिमट्यांनी खोबरे उपसायचे. कोयत्याच्या दोन घावांचे हे काम नव्हे. आणि हे अंगात ताकद असून! जपानी संशोधकांनी ओकिनावातल्या खेकड्यांच्या नांगीची पकड मोजली (2016), तेव्हा ती 1765 न्यूटनपर्यंत भरली. म्हणजे 180 किलो वजनाचा भार. बोट घालून पाहू नये.

शिवाय नारळावाचून त्याचे अडत नाही. केवड्याच्या जातीची फळे, मेलेले प्राणी, दुसरे खेकडे, सगळे चालते.

‘खेकडा म्हणजे पाण्यातलाच’ हा दुसरा समज. प्रौढ नारळखेकडा पाण्यात बुडून मरतो. समागमही जमिनीवरच होतो. मादी अंडी पोटाखाली चिकटवून वागवते आणि पिकली की समुद्रकाठी येऊन पाण्यात सोडते. पिल्ले काही आठवडे लाटांवर तरंगतात, मग रिकामा शंख शोधून त्यात शिरतात आणि तो घेऊनच किनाऱ्यावर येतात. पोटावरचे कवच कठीण झाले की शंख सुटतो, तो कायमचा. यानंतर वाढ अतिशय संथ: वयात यायला साधारण 5 वर्षे, पुरता आकार यायला काही दशके. म्हणून मोठा खेकडा मारला की त्याची जागा लवकर भरत नाही.

कात टाकल्यावर तो ती फेकत नाही. बिळात बसून खातो. ‘माणसावर धावून येतो’? नाही, डिवचला तर पकडतो. आणि 1937 मध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिक अमेलिया इअरहार्टला खेकड्यांनी खाल्ले? निकुमारोरो बेटावर 1940 मध्ये काही मानवी हाडे सापडली, ती पुढे हरवली. बाकी सगळा तर्क.