जीएम बियाणे: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यात खरीप म्हणजे प्रामुख्याने सोयाबीन. पेरणी जवळ आली की पारावर, कृषी सेवा केंद्रात आणि मोबाईलवर जनुकीय सुधारित, म्हणजे 'जीएम' बियाण्यांची चर्चा रंगते. त्या चर्चेतले पाच गैरसमज दूर करायलाच हवेत.

गैरसमज १ : आपले सोयाबीन जीएमच आहे.

वस्तुस्थिती : भारतात जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. जेएस ३३५ हा जबलपूरच्या, एमएयूएस ७१ परभणीच्या, तर फुले संगम राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा वाण. हे सारे सरळ वाण आहेत. म्हणूनच उगवणशक्ती तपासून घरचे बियाणे पुन्हा पेरता येते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली, ती कोंबडीखाद्यासाठी होती, पेरणीसाठी नव्हे.

गैरसमज २ : हायब्रीड म्हणजेच जीएम, आणि जीएमचे बी पुन्हा उगवत नाही.

वस्तुस्थिती : संकरित ज्वारीत एकाच पिकाच्या दोन वाणांचा संकर असतो. जीएममध्ये नेमके एखादे जनुक, अनेकदा दुसऱ्याच सजीवातले, प्रयोगशाळेत पिकात घालतात. आपल्याकडचे बहुतेक बीटी कापूस बियाणे, म्हणजे अळी मारणारे प्रथिन बनवणारे जनुक घातलेले जीएम बियाणे, संकरितही आहे, त्यामुळे घोळ होतो. त्याचे बी उगवते, पण पुढच्या पिढीत गुण विखुरतात. दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते ते संकरामुळे, बीटी जनुकामुळे नाही. उगवणच न होणारे 'टर्मिनेटर' बियाणे जगात कुठेही बाजारात आलेले नाही.

गैरसमज ३ : जे खाऊन अळी मरते, ते माणसालाही मारणार.

वस्तुस्थिती : बीटी प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यातल्या विशिष्ट पेशींना चिकटते आणि आतडे फोडते. माणसाच्या जठरात आम्ल असते, शिवाय आतड्यात ते चिकटण्याची जागाच नसते. इतर प्रथिनांसारखेच तेही पचून जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासले. बाजारातले जीएम अन्न नेहमीच्या अन्नापेक्षा अधिक धोक्याचे असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. तरीही प्रत्येक नवे पीक स्वतंत्रपणे तपासावेच लागते. ब्राझील नटचे जनुक घातलेल्या सोयाबीनमध्ये ॲलर्जीचा धोका चाचणीतच दिसला आणि ते बाजारात आले नाही.

गैरसमज ४ : आपण जीएम कधी खाल्लेच नाही.

वस्तुस्थिती : बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. आज देशातला बहुतेक कापूस बीटी आहे. त्याच्या सरकीचे तेल खाद्यतेलात जाते, पेंड जनावरांच्या दावणीत. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येणारे सोयातेलही मुख्यतः जीएम सोयाबीनचे असते. शुद्ध केलेल्या तेलात मात्र प्रथिन जवळजवळ उरत नाही.

गैरसमज ५ : जीएम आले की फवारणी संपली.

वस्तुस्थिती : बीटी ठराविक अळ्यांवरच चालते. मावा, तुडतुडे त्याला दाद देत नाहीत. २०२२ मध्ये मराठवाड्यात कोवळे सोयाबीन खाणाऱ्या गोगलगायींवरही त्याचा उपयोग झाला नसता. एकच जनुक वर्षानुवर्षे वापरले की कीड प्रतिकारक्षम होते, हे गुलाबी बोंडअळीने दाखवून दिले. पण फायदाही खरा आहे. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला भारतात फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी ते पिकवतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठीची फवारणी तिथे घटली आहे.

म्हणजे 'जीएम' हे नाव ऐकून घाबरायचे कारण नाही, तसे भुलायचेही नाही. कोणते पीक, कोणते जनुक आणि कोणती चाचणी, हे तीन प्रश्न विचारा. चोरून विकले जाणारे विनापरवाना बियाणे घेऊ नका, कारण ते फसले तर दाद मागायला हातात कागद नसतो. पक्की पावती घ्या, पाकीट आणि थोडे बियाणे काढणीपर्यंत जपून ठेवा. आणि सरकारकडे मागणी करा, की चाचण्यांचे निष्कर्ष शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत जाहीर व्हावेत.