पक्षी अंतर मोजतो, वेग नाही

रुळांवर बसलेल्या पक्ष्याला समोरून येणारी गाडी दिसते, त्याला उडताही येतं. तरी तो मरतो कसा?

शत्रू दिसला की पक्षी लगेच उडत नाही. उगाच उडण्यात शक्ती जाते, टिपत असलेले दाणे सुटतात. शत्रू ठरावीक अंतरात आला की मगच तो पंख उघडतो. कोल्ह्या-कुत्र्यांपुढे हा हिशेब चालतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी काऊबर्ड पक्ष्यांना अंगावर येणाऱ्या गाडीचं चित्रण दाखवलं. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वेग ताशी ६० किलोमीटर असो की १५०, पक्षी साधारण तेवढ्याच अंतरावर उडत होते. १८०पासून पुढे त्यांचा अंदाजच कोलमडला. निसटायला पुरेसा वेळ तर १२०च्या पुढेच उरत नव्हता.

समजा, गाडी ३० मीटरवर आली की पक्षी उडतो. ताशी ६०च्या गाडीला ते अंतर कापायला जवळपास पावणेदोन सेकंद लागतात. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा नियोजित वेग ताशी ३२०, म्हणजे सेकंदाला ८९ मीटर. तिला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरेल. तेवढ्यात पंख जेमतेम उघडतील.

मग पक्षी रुळांवर जातात कशाला? खाण्यासाठी. कोतवाल तारेवर बसतो, खाली झेपावून किडा टिपतो, पुन्हा तारेवर येतो. प्रत्येक झेप रुळांवरून. उंदरांमागे घुबड येतं. गाडीने उडवलेला प्राणी खायला घार उतरते आणि पुढच्या गाडीखाली तीच सापडते. म्हणून मेलेली जनावरं तातडीने उचलणं हा साधा आणि फार मोलाचा उपाय आहे.

चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात पारंब्यांनी पसरलेल्या एका जुन्या झाडावर बगळ्यांची मोठी वसाहत आहे. २०१८ साली तिच्याजवळून रेल्वे सुरू झाली, तेव्हा सुमारे दोन किलोमीटर मार्ग पूर्ण झाकून घेतला. आवाज कोंडला गेला, आणि बगळे गाडीच्या वाटेतही येत नाहीत. आपल्याकडे ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या अधिवासाला धक्का लागू नये म्हणून बुलेट ट्रेनसाठी २१ किलोमीटरचा बोगदा आखला. त्यातला ७ किलोमीटरचा भाग खाडीखालून जातो. हा निर्णय योग्यच. पण ५०८ किलोमीटरच्या या मार्गाचा बहुतेक भाग उंच पुलांवरून, म्हणजे पक्ष्यांच्या उडण्याच्या उंचीवरून जाणार आहे. वैतरणा नदीही पुलावरूनच ओलांडायची आहे.

वसई-पालघरच्या पक्षिनिरीक्षकांना म्हणूनच विनंती: वैतरणेवरून कोणते पक्षी, कधी, किती उंचीवरून जातात, याच्या नोंदी गाड्या सुरू होण्याआधीच ठेवा. पुढे तुलनेला त्याच उपयोगी पडतील.