विमान कंपनीचा अनपेक्षित ई-मेल आणि ऑनलाइन प्रवास परवाना

प्रवासाची तारीख आठ-दहा दिवसांवर आलेली असते. बॅगा भरून होत आलेल्या असतात. अशा वेळी एके सकाळी विमान कंपनीच्या नावाने एक ई-मेल येतो : आपली प्रवासाची कागदपत्रे अपूर्ण आहेत, ऑनलाइन परवाना घेतला नसल्यास विमानात प्रवेश मिळणार नाही. खाली निळ्या अक्षरांत एक दुवा दिलेला असतो. तिकीट काढताना एजंटाने असे काही सांगितलेले नसते. घरातील ज्येष्ठ मंडळी गोंधळून जातात. परदेशातल्या मुलाला विचारावे, तर तिथे मध्यरात्र असते. मग धास्तीपोटी त्या दुव्यावर टिचकी मारली जाते.

असा ई-मेल खरा असू शकतो, खोटा असू शकतो किंवा खरा असूनही आपल्याला लागू नसू शकतो. या तीन शक्यता वेगळ्या करता येणे आवश्यक आहे. खोट्याला खरे मानले, तर पैसे आणि पासपोर्टचा तपशील भामट्यांच्या हाती जातो. खऱ्याला खोटे मानले, तर विमानतळावरून परत फिरण्याची वेळ येते.

परवाना म्हणजे नेमके काय?

ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसाची अट नसते, त्यांचीही प्रवासापूर्वी छाननी व्हावी, या विचारातून ऑनलाइन प्रवास परवान्याची कल्पना पुढे आली. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्येच अशी इलेक्ट्रॉनिक पद्धत सुरू केली. अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेचे निकष कडक झाले. तेथील २००७ च्या कायद्यान्वये 'एस्टा' ही पद्धत आली आणि १२ जानेवारी २००९ पासून ती सक्तीची झाली. प्रारंभी ती नि:शुल्क होती. २०१० मध्ये १४ डॉलर शुल्क लागू झाले, २०२२ मध्ये ते २१ डॉलर आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस ४० डॉलर झाले. कॅनडाने २०१६ मध्ये 'ईटीए' लागू केला. त्याचे शुल्क सात कॅनेडियन डॉलर ठेवण्यात आले. ब्रिटनने २०२३ मध्ये कतारच्या नागरिकांपासून सुरुवात करून ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांच्या नागरिकांना, तर २ एप्रिल २०२५ पासून युरोपीय नागरिकांना हा परवाना बंधनकारक केला. युरोपीय संघाने 'एटियास' ही आपली पद्धत २०२६ च्या अखेरच्या तिमाहीत सुरू करण्याचे जाहीर केले.

हा परवाना म्हणजे व्हिसा नव्हे आणि प्रवेशाची हमीही नव्हे. तो विमानात बसण्याची पूर्वसंमती देतो. अंतिम निर्णय त्या देशाच्या विमानतळावरील अधिकारी घेतो. दुसरी महत्त्वाची बाब अशी, की परवाना पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. पासपोर्टचे नूतनीकरण झाले की जुना परवाना निरुपयोगी ठरतो, मग त्याची मुदत कितीही शिल्लक असो.

कंपनी ई-मेल का पाठवते?

आवश्यक कागदपत्रांविना प्रवासी उतरवल्यास अनेक देश विमान कंपनीला दंड करतात आणि त्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते. म्हणून काउंटरवरील कर्मचारी 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या 'टिमॅटिक' या माहितीप्रणालीत प्रवाशाचे नागरिकत्व आणि गंतव्य देश पाहूनच बोर्डिंग पास देतात. शिवाय अमेरिकेत जाणाऱ्या विमानांसाठी प्रत्येकाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग उड्डाणाच्या ७२ तास आधी कळवावे लागते. आरक्षणात ही माहिती नसेल, तर ती मागणारा ई-मेल येतो आणि तो सर्वस्वी खरा असतो.

गोंधळ होतो तो सरसकट पाठवल्या जाणाऱ्या सूचनांमुळे. संगणक बहुतेकदा गंतव्य स्थान पाहून सर्वच प्रवाशांना एकसारखा मजकूर धाडतो. त्यात 'लागू असल्यास' हे दोन शब्द असतात, पण ते नजरेतून सुटतात.

कोणाला लागू, कोणाला नाही?

नियम राहत्या घराला नव्हे, तर पासपोर्टला लागू होतो. एक उदाहरण घेऊ. न्यू जर्सीत स्थायिक झालेली मुलगी आता अमेरिकी नागरिक आहे आणि तिचे आई-वडील पुण्याहून भारतीय पासपोर्टवर निघणार आहेत. सर्वांनी लंडनमध्ये भेटायचे ठरवले, तर मुलीला आणि तिच्या तान्ह्या बाळालाही स्वतंत्र 'ईटीए' घ्यावा लागेल. आई-वडिलांना मात्र तो मिळणारच नाही. त्यांना रीतसर ब्रिटिश व्हिसा काढावा लागेल. अमेरिकेच्या 'एस्टा'चेही तसेच. भारत त्या व्हिसामाफीच्या योजनेत नसल्याने भारतीय पासपोर्टवर 'एस्टा' मिळवून देतो, असे कोणी सांगत असेल तर ती फसवणूकच समजावी.

अमेरिकेत 'एच-१बी'वर काम करणाऱ्या भारतीय नागरिकाला कॅनडा पाहायचा असेल, तर तेथील व्हिसा लागतो. ग्रीन कार्डधारकांना मात्र एप्रिल २०२२ पासून व्हिसाही लागत नाही आणि 'ईटीए'ही नाही. वैध पासपोर्ट आणि कार्ड सोबत असले की पुरते.

भारतीय पासपोर्टधारकांचा अशा ऑनलाइन परवान्यांशी संबंधच येत नाही, असे नव्हे. श्रीलंकेने २०१२ मध्ये ही पद्धत आणली, केनियाने जानेवारी २०२४ मध्ये. थायलंडने १ मे २०२५ पासून आगमनाचा डिजिटल अर्ज सक्तीचा केला आहे. सिंगापूरलाही असाच अर्ज भरावा लागतो. हे दोन्ही अर्ज सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतात आणि ते आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचे असतात. त्यासाठी कोणी पैसे मागितले, तर ती वाट चुकीची आहे. उलट दिशेने, भारतात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी आपल्या सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑनलाइन व्हिसाची सोय केली. 'ओसीआय' कार्ड असलेल्या परदेशस्थ मराठी मंडळींना मात्र भारताच्या व्हिसाची गरज नसते.

फसवणूक कशी होते?

तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात सरकारी वाटावे असे संकेतस्थळ असते. शोधयंत्रात ते जाहिरात म्हणून सर्वात वर झळकते, अर्ज भरून घेते आणि मूळ शुल्काच्या कित्येक पट रक्कम आकारते. परवाना कधी मिळतो, कधी मिळतच नाही. दुसरा प्रकार अधिक घातक. त्यात विमान कंपनीच्या बोधचिन्हासह ई-मेल येतो आणि दुव्यामागच्या बनावट पानावर पासपोर्ट व कार्डाचा तपशील मागितला जातो. त्यात आपले नाव वा प्रवासाचा उल्लेख असला, तरी तो खरेपणाचा पुरावा नव्हे. २०१८ मध्ये कॅथे पॅसिफिकच्या सुमारे ९४ लाख प्रवाशांची, तर २०२१ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात एअर इंडियासह अन्य कंपन्यांच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली होती. समाजमाध्यमांवर हौसेने टाकलेल्या बोर्डिंग पासच्या छायाचित्रातूनही 'पीएनआर' आणि आडनाव मिळते. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तेवढ्यावर आपले आरक्षण उघडता येते.

काय करावे?

ई-मेलमधील दुव्यावर टिचकी मारू नये. कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वत: टाइप करून 'पीएनआर'च्या साहाय्याने आरक्षण उघडावे. सूचना खरी असेल, तर बहुधा ती तिथेही दिसते. न दिसल्यास कंपनीच्या कार्यालयात दूरध्वनी करावा, पण ई-मेलमधील क्रमांकावर नव्हे. परवान्यासाठी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच जावे. अमेरिकेचा पत्ता 'डॉट जीओव्ही'ने संपतो, ब्रिटनचा 'जीओव्ही डॉट यूके' असतो, भारताचा 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो, कॅनडाचा 'कॅनडा डॉट सीए' आणि युरोपीय संघाचा 'युरोपा डॉट ईयू' असतो. पत्त्याच्या मध्येच कुठेतरी ही अक्षरे असणे पुरेसे नाही. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी पत्ता कशाने संपतो, ते पाहावे. 'एस्टा'साठी किमान ७२ तास आधी अर्ज करण्याचा सल्ला अमेरिकी यंत्रणाच देते. तिकीट काढतानाच तो केल्यास उत्तम.

चूक होऊन कार्डाचा तपशील दिला गेलाच, तर संकोच न करता त्याच क्षणी बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

परदेशातील मुलांनीही एक गोष्ट अवश्य करावी. आई-वडिलांचे तिकीट काढतानाच त्यांना कोणती कागदपत्रे लागतात आणि कोणती लागत नाहीत, हे एका कागदावर मराठीत लिहून द्यावे. तो कागद पासपोर्टसोबत असला, तर अनपेक्षित ई-मेल आला तरी मुलाला मध्यरात्री उठवावे लागणार नाही आणि घाईत दुव्यावर टिचकीही मारली जाणार नाही.