नळाला धरून बसलेले कपलिंग
गेल्या मे महिन्यात रत्नागिरीतील आमच्या परसातल्या नळाला बसलेले नळीचे कपलिंग काही केल्या सुटेना. मी पान्याने जोर लावला. कपलिंग जागेवरच राहिले, भिंतीतील जुना पाइप मात्र तुटला. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत ऐन टंचाईतले पाणी अंगणात वाहून गेले.

मुळात जोडीच चुकली होती. नळ पितळेचा, कपलिंग अ‍ॅल्युमिनियमचे. या दोन धातूंमध्ये खारट ओल साचली की अ‍ॅल्युमिनियम झिजते व त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगून बसते. आपल्या समुद्रकाठच्या हवेत हे लवकर घडते.

असे कपलिंग सोडविताना प्रथम पाणी बंद करावे. कपलिंगवर गरम पाणी ओतावे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पितळेपेक्षा अधिक प्रसरण पावते. मग एका पान्याने नळ स्थिर धरून दुसऱ्याने कपलिंग फिरवावे. न सुटल्यास गंज सोडविणारे तेल आट्यांत सोडून रात्रभर थांबावे. अखेरचा उपाय करवतीचा. तेव्हा नळाचे आटे जपावेत.

पितळी नळाला पितळी किंवा प्लास्टिकचेच कपलिंग घ्यावे. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा व हातानेच आवळावे. गळती रोखण्याचे काम वायसरचे असते. महिन्यातून एकदा ते सोडून पुसावे. आपल्यातील हार्डवेअरच्या व्यापाऱ्यांनी ‘नळ कशाचा आहे?’ एवढे ग्राहकाला विचारले, तरी पुष्कळ नुकसान टळेल.

थकीत कर्जांनी आम्हा बँकवाल्यांना हेच शिकविले : नियमित पाहणी असली की जोर लावण्याची वेळ येत नाही.