संकेतस्थळावरील जाहिराती आणि प्रयोगाची रीत

अलीकडे आपल्या संघाच्या सभासदांपैकीं कांहीं शेतकरी बंधु स्वतःच्या शेतांतील अनुभव, वाणांची तुलना, खतपाण्याच्या नोंदी इत्यादि मजकूर स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करूं लागले आहेत. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु संकेतस्थळाच्या नांवाचें वार्षिक शुल्क भरावें लागतें, जागेचें भाडें द्यावें लागतें, आणि लिहिण्यास वेळ मोडतो तो निराळाच. तेव्हां त्यावर जाहिराती घेऊन कांहीं प्राप्ति होईल काय, व होत असल्यास ती कशी वाढवावी, असा प्रश्न वारंवार निघतो. उत्तरादाखल बहुधा ऐकींव गोष्टी सांगितल्या जातात. अमक्यानें जाहिरात पृष्ठाच्या तळाची वर आणली आणि त्याचें उत्पन्न दुप्पट झालें. तमक्यानें चौकटीचा रंग बदलला आणि त्यास लाभ झाला. नव्या बियाण्याच्या विक्रेत्यांचीं भाषणें ज्यानें ऐकलीं आहेत त्यास असल्या कथांची किंमत सांगावयास नको. आपण वाणाची परीक्षा ज्या रीतीनें करतों, त्याच रीतीनें जाहिरातीची परीक्षा करतां येते, हें दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम व्यवहार समजून घेतला पाहिजे. त्यासाठीं बाजार समितीचें आवार डोळ्यांपुढें आणावें. वाचकानें पृष्ठ उघडतांच त्यावरील मोकळी जागा हा लिलावास आलेला माल होतो, जाहिरातदार हे बोली बोलणारे व्यापारी होतात, आणि मध्यें अडत्या असतो. पृष्ठ वाचकापुढें उमटेपर्यंत, म्हणजे सेकंदाहूनही कमी अवधींत, लिलाव उरकतो व ज्याची बोली सरस ठरली त्याची जाहिरात तेथें दिसते. महाजालावरील फलक-जाहिरातींचा आरंभ २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं अमेरिकेंतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळापासून धरतात. पण त्या काळीं जागा विकण्यासाठीं माणसें नेमावीं लागत, त्यामुळें एकट्यादुकट्या लेखकास तो धंदा साधण्यासारखा नव्हता. जून २००३ मध्यें गूगल कंपनीनें ‘ॲडसेन्स’ ही योजना काढली, आणि लहान स्थळधारकासही या लिलावांत आपला माल मांडतां येऊं लागला. पृष्ठावरील मजकूर यंत्रच वाचतें व त्यास जुळेल अशी जाहिरात निवडतें. डिसेंबर २०१४ पासून हिंदी पृष्ठांस ही सोय मिळाली, व पुढें मराठीसही मिळाली.

अडत किती, हें आपला शेतकरी पहिल्यानेंच विचारील. २०१० सालीं कंपनीनें आंकडा जाहीर केला तो असा : जाहिरातदारानें दिलेल्या १०० रुपयांपैकीं ६८ रुपये स्थळधारकास. नोव्हेंबर २०२३ मध्यें हिशेबाची रचना बदलण्याचें जाहीर झालें, परंतु हातीं पडणारा वाटा सुमारें तेवढाच राहील असें कंपनीनें सांगितलें. शेंकडा ३२ ही अडत ऐकून पुष्कळांच्या भुंवया चढतील. मात्र येथें हमाली, तोलाई व गाडीभाडें नाहीं, हेंही ध्यानांत घ्यावें. त्याच वेळीं दुसरा एक फरक झाला. पूर्वीं स्थळधारकाचा हिशेब मुख्यतः टिचक्यांवर, म्हणजे वाचकानें जाहिरातीवर बोट ठेवून ती उघडण्यावर होई. २०२४ पासून तो जाहिरात किती वेळां दिसली यावर होऊं लागला.

आतां प्राप्तीचा अंदाज पाहूं. समजा, एका संकेतस्थळाचीं पृष्ठें दररोज २०० वेळां वाचलीं जातात, म्हणजे महिन्यास ६,०००. दर हजार वाचनांमागें ४० रुपये पडतात असें धरल्यास मासिक उत्पन्न २४० रुपये होतें. हा दर उदाहरणापुरता घेतला आहे. कर्ज, विमा अशा विषयांवरील पृष्ठांस तो चढा मिळतो, मराठी शेतीविषयक पृष्ठांस बेताचाच, आणि तोच लेख अमेरिकेंतील मराठी वाचकानें उघडला तर बहुधा अधिक. कंपनी १०० डॉलर जमल्याखेरीज रक्कम पाठवीत नाहीं. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ८,५०० रुपये जमावयास या स्थळधारकास जवळजवळ तीन वर्षें लागतील. जाहिरातीच्या आशेवर कर्ज काढून संगणक घेऊं पाहणाऱ्यांनीं हा हिशेब आधीं आपल्या आंकड्यांनीं मांडून पाहावा.

तरीही ज्यास प्रयोग करावयाचा आहे त्यानें तो नीट करावा. येथें आपणां शेतकऱ्यांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. आज मोठमोठ्या कंपन्या आपल्या पृष्ठांवर जे तुलनात्मक प्रयोग रात्रंदिवस करीत असतात, त्यांच्या शास्त्राचा पाया शेतांत घातला गेला. इंग्लंडमध्यें रॉथॅमस्टेड येथें १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू होते. तेथें १९१९ सालीं रोनाल्ड फिशर हे गणिती नोकरीस लागले. वर्षानुवर्षांच्या नोंदी चाळतांना त्यांस दिसलें कीं एका तुकड्यांत खत घातलें व दुसऱ्यांत घातलें नाहीं एवढ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं; कारण जमिनीचा कस, उतार, ओल हीं सारीं मध्यें येतात. म्हणून तुकडे अनेक असावेत, आणि कोणत्या तुकड्यास काय द्यावें हें आपल्या मर्जीनें न ठरवितां चिठ्ठी टाकून ठरवावें, असें त्यांनीं प्रतिपादिलें. १९३५ सालीं त्यांचा प्रयोगरचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या रीतीचें जाहिरातींतील फळ किती मोठें असूं शकतें याचें एक उदाहरण पुष्कळदां सांगितलें जातें. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘बिंग’ या शोधयंत्रावर जाहिरातींचे मथळे दाखविण्याच्या पद्धतींत एक किरकोळ बदल एका कर्मचाऱ्यानें सुचविला होता. वरिष्ठांस तो महत्त्वाचा वाटला नाहीं व सहा महिन्यांहून अधिक काळ पडून राहिला. २०१२ सालीं एका अभियंत्यानें त्याचा प्रयोग केला तेव्हां उत्पन्न शेंकडा १२ नें वाढलें. केवळ अमेरिकेपुरती ही वाढ वर्षास १० कोटी डॉलरांहून अधिक होती. परंतु याच लोकांचा असाही अनुभव आहे कीं बहुतेक कल्पना प्रयोगांत टिकत नाहींत. दहा वाणांत एखादाच आपल्या जमिनीस मानवतो, तसेंच हें.

आपल्या लहान स्थळावर सर्वांत सामान्य चूक होते ती अशी : सप्टेंबरांत जाहिरात तळाशीं ठेवली, ऑक्टोबरांत वर आणली, उत्पन्न वाढलें, म्हणून वरची जागा चांगली असा निष्कर्ष काढला. वस्तुतः दसरा-दिवाळीपासून नाताळापर्यंत जाहिरातदारांच्या बोल्या चढलेल्या असतात व जानेवारींत त्या उतरतात. खरिपाची रब्बीशीं तुलना करून खताचा गुण ठरविण्यासारखेंच हें झालें. दोन्ही प्रकार एकाच हंगामांत, शेजारशेजारच्या वाफ्यांप्रमाणें चालले पाहिजेत.

ज्यांस संगणकाची विद्या अवगत आहे त्यांनीं प्रत्येक येणाऱ्या वाचकासाठीं यंत्राकडूनच चिठ्ठी टाकवावी, म्हणजे अर्ध्यांस एक प्रकार दिसेल व अर्ध्यांस दुसरा. इतरांसाठीं सोपी रीत अशी. एक सोमवार व पुढचा सोमवार यांची जोडी धरावी. तशीच दोन मंगळवारांची, दोन बुधवारांची. प्रत्येक जोडीसाठीं नाणें उडवून जाहिरात कोणत्या दिवशीं वर व कोणत्या दिवशीं खालीं ठेवावयाची हें ठरवावें. आठ आठवड्यांत अशा २८ जोड्या होतात. प्रत्येक जोडींत कोणत्या दिवशीं हजार वाचनांमागें अधिक मिळालें एवढेंच वहींत टिपावें. २८ पैकीं २० किंवा अधिक जोड्यांत एकच प्रकार सरस ठरला तर फरक खरा मानण्यास हरकत नाहीं. कारण नुसतें नाणें उडवून २८ पैकीं २० वेळां किंवा अधिक वेळां एकच बाजू पडण्याचा प्रसंग शंभरांत चारांहूनही कमी येतो. सोळा-सतरा जोड्यांचा कौल मिळाला तर तो निकाल नव्हे, योगायोगही असूं शकतो.

टिचक्या मोजावयाच्या असल्यास दुसरा एक ठोकताळा उपयोगी पडतो. दोन्ही प्रकार सारख्याच वेळां दाखविले, हजार हजार वेळां, आणि एकास १० व दुसऱ्यास १४ टिचक्या मिळाल्या. फरक ४. दोहोंची बेरीज २४, तिचें वर्गमूळ सुमारें ४.९, त्याची दुप्पट ९.८. फरक या दुपटीहून कमी आहे, तेव्हां कांहींच सिद्ध झालें नाहीं. हेंच दहा दहा हजार दर्शनांत १०० व १४० असें आलें तर फरक ४० व दुप्पट सुमारें ३१. येथें मात्र दुसरा प्रकार सरस म्हणतां येईल. प्रमाण दोन्हीकडे तेंच, पण बळ निराळें. पीक विम्याच्या कापणी-प्रयोगांत थोड्याशा तुकड्यांवरून साऱ्या मंडळाचें उत्पन्न ठरतें तेव्हां आपण किती तक्रार करतों! आपल्याच वहींत मात्र चार टिचक्यांवरून निकाल देण्यास आपण तयार होतों.

प्रयोग चालू असतां मधूनच वही उघडून, आपल्या मनाजोगा आंकडा दिसतांच थांबूं नये. कणसें मोठीं दिसलीं त्या दिवशीं कापणी करून उतारा सांगण्यासारखी ती लबाडी होईल, मग ती नकळत कां होईना.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः लेखणी उचलली ती सांगतों. प्रस्तुत लेखकानें कांद्यावरील करप्यासंबंधीं एक टिपण आपल्या संकेतस्थळावर लिहिलें होतें. त्याच्या शेजारीं एके दिवशीं एका तथाकथित रामबाण औषधाची जाहिरात झळकली. ती यंत्रानें निवडलेली. मला तिची वार्ताही नव्हती. शेजारच्या गांवच्या एका गृहस्थांचा दूरध्वनि आला : “तुम्हीं सांगितलेलें औषध मागविलें आहे. पंपाला किती टाकावयाचें?” मी तें सांगितलें नव्हतें, हें त्यांस पटविण्यास बराच वेळ लागला. त्यांचे पैसे गेले ते गेलेच. त्या महिन्याच्या माझ्या हिशेबांत मात्र ती जाहिरात दर्जेदार ठरली होती, कारण तिची बोली चांगली होती. वहींतील कोणत्याही रकान्यांत त्या गृहस्थांचें नुकसान उमटलें नव्हतें. त्या दिवसापासून नको असलेल्या वर्गांतील व विवक्षित जाहिरातदारांच्या जाहिराती बंद ठेवण्याची जी सोय खात्यांत असते ती मी वापरूं लागलों. उत्पन्न घटलें. पण वहींत आणखी एक रकाना आला : वाचक परत येतो कीं नाहीं. प्रयोगाचा निकाल देतांना हा रकाना पाहिल्यावांचून मी पुढें जात नाहीं.

वाचकास जाहिरात नको असते असें नव्हे. ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक १९२० सालीं नांगर बनविणाऱ्या कारखान्याचें गृहपत्र म्हणूनच निघालें व पुढें तें मराठींतील नामांकित मासिक झालें. कारखान्याचें नांव मथळ्यांतच असल्यानें पत्र कोणाचें आहे याविषयीं वाचकाची फसगत होण्याचा प्रश्न नव्हता. माझ्या मतें लहान स्थळधारकानें अडत्याच्या लिलावापेक्षां जवळची रोपवाटिका, ठिबक संच बसविणारा किंवा अवजारें भाड्यानें देणारा यांच्याशीं थेट ठराव करावा. वाचक थोडे असले तरी ते नेमके त्यांचेच गिऱ्हाईक असतात. मात्र ‘जाहिरात’ हा शब्द ठळक छापावा. आणि पैसे घेऊन एखाद्या मालाची शिफारस केली असल्यास तो संबंध उघड करावा, असें केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. स्वतःच्या स्थळावरील जाहिरातीवर स्वतः टिचकी मारूं नये, घरच्यांस मारूं देऊं नये, आणि मित्रमंडळींस तशी विनंति तर मुळींच करूं नये. मध्यस्थ कंपन्या अशा टिचक्या ओळखतात, रक्कम परत घेतात व खातें बंद करतात. तें पुन्हां उघडणें फार कठीण असतें. गांवांतील तरुण पोरें केवळ कौतुकानें हें करतात, म्हणून त्यांस आधींच समजावून सांगावें.

हिशेबाविषयीं दोन शब्द. शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरांतून वगळलेलें असतें, पण शेतीवरील लेखांशेजारच्या जाहिरातींचें उत्पन्न शेतीचें ठरत नाहीं. तें विवरणपत्रांत स्वतंत्र दाखवावें लागतें. नांवाचें शुल्क, जागेचें भाडें इत्यादि खर्चाच्या पावत्या प्रयोगाच्या वहींतच लावून ठेवाव्या, म्हणजे वर्षाअखेर शोधाशोध होणार नाहीं.